थोरामोठ्यांना खानावळीत न्या, मासळी मात्र त्यांना निवडू द्या

नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला की मालवण, देवगड, वेंगुर्ले या बंदरांत पुन्हा वर्दळ सुरू होते. गौरी-गणपती मार्गी लागतात, हळवे भात कापणीला येते आणि मुंबईकर मुलगा किंवा नोकरीला लागलेली मुलगी म्हणते, यंदा आईबाबांना, आत्याला, काकांना एकदा चांगल्या खानावळीत मासे खायला नेऊ या. बेत चांगलाच आहे. ज्यांनी आपल्याला आयुष्यभर वाढले त्यांना एक दिवस कोणीतरी वाढावे, यात वावगे काय?

शेतकरी बंधू-भगिनींनो, पीकसल्ल्याच्या जागी आज हा विषय कशाला, असे तुम्ही विचाराल. त्या ताटाकडे जरा नीट बघा. मासा समुद्राचा, पण भात शेताचा, सोलकढीतला नारळ परसातला, आगळ रानातल्या रातांब्याचे आणि बांगड्यातले तिरफळ बांधावरच्या काटेरी झाडाचे. म्हणजे निम्मे ताट आपलेच आहे, किंवा असायला हवे.

आता चुकते कुठे ते सांगतो. आपण वडील मंडळींना टेबलावर बसवतो, फळ्यावरची सगळ्यात महाग थाळी बघतो आणि चार सुरमई सांगून मोकळे होतो. म्हातारी माणसे बिचारी काही बोलत नाहीत. मुलगा खर्च करतोय, गप जेवावे, असा त्यांचा विचार. पण ज्यांनी पन्नास-साठ वर्षे बाजारात बसून कल्ला उचलून मासा घेतला, त्यांना आपण विचारतच नाही.

गेल्या नोव्हेंबरात मी आई, आत्या आणि काका यांना मालवणात जेवायला घेऊन गेलो. आत्याच्या सासरचा रापणीत वाटा होता. निघताना तिचे नेहमीचे सुरूच, "घरात शिजवलेला ग्वाड लागना नाय काय रे तुमका?" तरी आली. पोऱ्या टेबलाशी येताच तिने विचारले, "झिला, आज काय इला हा?" तो म्हणाला, "सुरमई, पापलेट, कोळंबी." त्यावर आत्या, "ता फळ्यार लिवला हा. आज इला काय ता सांग."

पोऱ्या गडबडला आणि मालकाला घेऊन आला. मालक हसत म्हणाले, "काकीनू, रापणीचो बांगडो असा. मुडदुशे पण असत, ते घरच्यासाठी ठेवले. पावणे मागनत नाय." आत्याने दोन्ही बघायला मागवले. डोळे स्वच्छ, कल्ले लाल, बोटाने दाबले तर मांस परत वर येते, एवढे बघितले आणि मान हलवली. काकांचे दात गेलेले, त्यांना मुडदुशे. आमच्या घरोघरी आजाऱ्याला आणि बाळंतिणीला हाच मासा देतात, मऊ आणि पचायला हलका म्हणून. स्वतःला आणि आईला तिरफळ घातलेले बांगड्याचे तिखले. तिरफळातले बी काढता की नाही, हेही तिने विचारून घेतले. जेवण झाल्यावर मालक स्वतः येऊन बसले आणि अर्धा तास दोघांची रापणीवर चर्चा. काका एरवी दोन घासांवर उठतात, त्या दिवशी भात मागून घेतला. बिल चार सुरमई थाळ्यांपेक्षा कमीच झाले.

यातून खानावळवाल्यांनीही काही घ्यावे. पर्यटक मागत नाही म्हणून बांगडा, तारली, पेडवे, मुडदुशे, तिसऱ्या फळ्यावरून गायब आणि सगळा भार सुरमई-पापलेटवर. मागणी एकाच माशाची वाढली की तो लहान असतानाच जाळ्यातून ताटात येतो. सप्टेंबर २०२३ मध्ये पापलेटला राज्य माशाचा दर्जा मिळाला आणि त्याच वर्षी राज्य शासनाने ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याचे किमान आकारमान ठरवून दिले. पापलेटसाठी ते १३५ मि.मी. आहे. खिशातला बॉलपेन साधारण तेवढाच असतो. ताटात त्याहून लहान पापलेट आले तर मालकाला जरूर विचारा. आजोबा बरोबर असतील तर तेच आधी विचारतील.

दुसरी गोष्ट हंगामाची. यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस मासेमारी बंद असते. या दिवसांत 'ताजी सुरमई' असा फळा दिसला तर ती कुठून आली याचा विचार करा. पूर्व किनाऱ्यावरची बंदी १५ एप्रिल ते १४ जून अशी असते, म्हणून तिकडचा बर्फातला मासा आपल्याकडे येऊ शकतो. तो वाईटच असतो असे नाही, पण जुन्या माणसाला तो पहिल्या घासाला कळतो. त्यांना न्यायचे तर ऑक्टोबर ते फेब्रुवारी बरे. उकाडा कमी, बांगडा भरलेला.

तब्येतीचेही बघा. रक्तदाब असलेल्यांनी सोलकढी जपून घ्यावी, कारण आगळात मीठ भरपूर असते. खानावळीत सांगून ठेवले तर आगळाऐवजी आमसुले भिजवून कढी करून देतात. ज्यांचे सांधे युरिक ॲसिडने धरतात त्यांनी तारली-बांगड्यावर ताव मारू नये, डॉक्टरांना विचारूनच खावे. रविवारी दुपारी पर्यटकांच्या रांगेत म्हाताऱ्या माणसांना ताटकळत ठेवण्यापेक्षा मधल्या वारी संध्याकाळी सातलाच जावे. आणि आधी जाऊन दोन गोष्टी बघून याव्यात, पायऱ्या किती आणि संडास कसा. चव चांगली पण जिना अंधारा, अशा ठिकाणी गुडघे धरलेल्या माणसाला नेण्यात अर्थ नाही.

आता शेताकडे येतो. त्याच मालकांना मी विचारले, तांदूळ कुठचा? म्हणाले, दुकानातला, घाटावरून येतो. नारळ? मिळेल तिथून. इथला उकडा तांदूळ का घेत नाही, यावर त्यांचे उत्तर सरळ होते, "घेतलंय असतंय, पण दर म्हयन्याक सारखो माल कोण देता?" यात त्यांची चूक मला दिसत नाही. आपला शेतकरी दिवाळीनंतर दोन पोती घेऊन जातो आणि मग थेट पुढच्या वर्षी दिसतो. एकट्याने जमणारे हे काम नाही. पाच-दहा जणांनी किंवा वाडीतल्या बचत गटाने मिळून एकाच जातीचे भात उकडून, भरडून महिन्याला ठरलेला माल दिला तर गिऱ्हाईक दारातच आहे.

कोकमाचे तर विचारूच नका. सिंधुदुर्ग व रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तरी कितीतरी रातांबे पहिल्या पावसात झाडाखाली कुजतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने १९९७ मध्ये प्रसारित केलेली कोकण अमृता ही जात पावसाआधी काढणीस येते, म्हणून नवीन लागवड करणाऱ्यांनी तिची कलमे लावावीत. बियांपासून केलेल्या रोपात निम्मी झाडे नर निघतात आणि ते कळायला सहा-सात वर्षे जातात. तिरफळाला तर लागवड अशी कोणी करत नाही. बांध साफ करताना पहिली कुऱ्हाड त्याच्यावरच पडते, आणि बाजारात तेच आपण पुडीने विकत घेतो.

सरपंच आणि ग्रामसेवक मंडळींना एक सुचवावेसे वाटते. पुढच्या ग्रामसभेला तालुक्याच्या गावातले दोन-तीन खानावळवाले बोलवा. त्यांना महिन्याला तांदूळ, नारळ, आगळ, तिरफळ किती लागते ते कागदावर लिहून घ्या आणि वाडीवार कोण किती देऊ शकतो तेही त्याखाली लिहा. बैठक शक्यतो सप्टेंबरात घ्या. पर्यटकांची गर्दी दिवाळीत सुरू झाली की त्या लोकांना बोलायलाही फुरसत नसते.