हळदीचा डाग

नाताळच्या सुटीत मुलांना राणीची बाग दाखवायचे मी कबूल केले होते. पण २०१९ च्या त्या डिसेंबरात मेहकरहून माझ्या बहिणीचे बोलावणे आले, आणि बागेऐवजी मुलांच्या वाट्याला लोणारचे सरोवर आले.

"पिंजरेच नाहीत, मग बघायचे काय?" चिरंजीवांचा रोकडा सवाल!

मी मात्र जय्यत तयारीत होतो. उल्केच्या आघाताने काळ्या खडकात पडलेले विवर, व्यास सुमारे १.८ किलोमीटर, पाणी खारे आणि क्षारयुक्त. सारे वहीत टिपून आणले होते. विवर उतरताना झाडांवर काळ्या तोंडाच्या वानरांची टोळी दिसली आणि मुले तेथेच थबकली. एक तान्हे पिल्लू या मादीच्या कुशीतून त्या मादीच्या कुशीत जात होते. "बाबा, एका पिल्लाला तीन आया!" कन्येने हिशेब मांडला. मी दोघांना ओढतच पाण्याकडे नेले. माझे व्याख्यान खोळंबले होते ना!

"या पाण्यात मासा जगत नाही. काहीच जगत नाही," मी ठासून सांगितले.

कन्येने काठच्या चिखलात चोच खुपसणाऱ्या, लांब तांबड्या पायांच्या पक्ष्याकडे बोट दाखवले. "मग तो काय खातो?"

वहीत उत्तर नव्हते. आम्ही उकिडवे बसून पाहू लागलो. चिखलावर बारीक माश्या भिरभिरत होत्या. पाण्यावर शेवाळी झाक होती. मी वही मिटली.

इतक्यात चिरंजीव ओरडले, "रक्त!" बटाट्याच्या भाजीने पिवळा झालेला रुमाल त्यांनी पाण्यात बुचकळला होता आणि डाग लालभडक झाला होता. मी घाबरलो. सौ. मात्र हसली. "साबण लावला की हळदीचा डाग अस्साच लाल होतो. या पाण्यातही तसलाच खार असणार." इतकी वर्षे माझे शर्ट ती धूत आली, मला हे ठाऊक नव्हते!

परतीच्या चढावर गोड्या पाण्याच्या धारेखाली चिरंजीवांनी रुमाल धरला. डाग पुन्हा पिवळा. मग घरी आत्याच्या हळदीच्या डब्यावर दोघांनी जो हल्ला चढवला, तो न सांगितलेलाच बरा.

२०२० च्या जूनमध्ये लोणारचे पाणी गुलाबी झाल्याची छायाचित्रे वर्तमानपत्रांत झळकली. "कुणी हळद टाकली?" चिरंजीव म्हणाले. "छे! कुणीतरी राहायला आले असेल," कन्या म्हणाली. पुढे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासणी करून सांगितले, की तो रंग खारटपणात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा. कन्येने ती बातमी कापून माझ्या वहीत चिकटवली.

राणीची बाग अजून राहिलीच आहे.