व्हिडिओतला बोल शोधणारे यंत्र आणि अहिराणी

सुरंगा चंद्रतिलके यांनी 2004 मध्ये स्थापलेल्या ब्लिंक्स या कंपनीने, केवळ शीर्षकावर विसंबून न राहता, वाक्-अभिज्ञान म्हणजे बोललेल्या शब्दांचे यंत्राद्वारे मजकुरात रूपांतर करण्याचे तंत्र वापरून व्हिडिओंचे शोधयंत्र उभारले. हे तंत्र ध्वनी आणि त्याचा लिखित मजकूर यांच्या जोड्यांवरून शिकत असल्याने, जळगाव-धुळ्याच्या घराघरांत बोलली जाणारी, परंतु तुलनेने कमी लिहिली जाणारी अहिराणी त्याला सहज उमगत नाही. म्हणूनच श्रावणातल्या कानबाई देवीच्या गाण्यांचा व्हिडिओ यूट्यूबवर ठेवताना गाण्याचे बोल, गावाचे नाव आणि ‘अहिराणी’ हा शब्द देवनागरीत नोंदवणे, हे खरे भाषासंवर्धन ठरते.