डब्यातला रंग किती पावसाळे टिकतो? (लेखांक ९)

गेल्या लेखांकात चेनची निगा पाहिली. तो वाचून आमच्या आळीतला दूधवाला सकाळीच मोटरसायकल घेऊन दारात आला. "काका, चेनचं राहू द्या, हे बघा आधी." त्याने मागच्या मडगार्डवर नख लावलं आणि रुपयाएवढा काळा पोपडा अलगद त्याच्या बोटावर आला. वैशाखात त्याने स्वतः स्प्रेचे डबे आणून गाडी रंगवली होती. तेव्हा ती शोरूममधून आणल्यासारखी दिसत होती, मी त्याला शाबासकीही दिली होती. आता आश्विन लागलाय. रंगाने एक पावसाळासुद्धा धड काढला नाही.

मी तो पोपडा घेऊन उलटा केला. रंग निघाला की आपण गाडीकडे बघतो, पण खरी हकीकत पोपड्याच्या पाठीवर लिहिलेली असते. या पोपड्याच्या पाठीला तांबूस भुगा घट्ट चिकटलेला होता. म्हणजे रंगाने हात सोडला नव्हता. त्याने गंजाला शेवटपर्यंत धरून ठेवलं होतं, लोखंडावरून सुटला तो गंज. पाठ स्वच्छ आणि खालचा पत्रा चकचकीत असता, तर पत्रा नीट घासला नव्हता किंवा त्यावर तेलाचा हात राहिला होता असं म्हणता आलं असतं. पाठीला पांढरट पीठ असतं, तर दोष पुट्टीचा. रंगाच्या कंपनीला बोल लावण्याआधी एवढं पाहावं.

आमच्या डोळखांबसारख्या ठिकाणी रंगाचं वय वर्षांत सांगण्यात अर्थ नाही, ते पावसाळ्यांत सांगावं. आजोबा नावाच्या डोंगराला ढग अडतात आणि घाटाच्या पायथ्याचा हा सगळा पट्टा चार महिने भिजत राहतो. शहापूर-मुरबाडकडे वर्षाला दोन-अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि जवळजवळ सगळा याच चार महिन्यांत. नुसत्या पावसाने रंग तितका बिघडत नाही. चाकाने उडवलेला लाल चिखल मडगार्डच्या पोटाशी बसतो आणि वरून पाऊस थांबला तरी आतून दिवसचे दिवस ओला राहतो. त्यात दुधाच्या किटल्या बाजूच्या पॅनलला रोज घासतात. आषाढात त्याच कॅरियरवर युरियाची नाहीतर मिश्र खताची गोण येते. खताची पूड हवेतलं पाणी ओढून घेते आणि तिच्यातले क्षार पत्र्याला खातात. आसनगाव स्टेशनला दिवसभर उन्हात उभी राहणारी गाडी आणि ही दुधाची गाडी, दोघींचा रंग एकाच डब्यातला असला तरी त्यांचं आयुष्य एक नसतं.

आता डब्यात काय असतं ते पाहू. एडवर्ड सीमोर नावाच्या अमेरिकन माणसाने १९४९ साली दाबाच्या डब्यात ॲल्युमिनियमचा रंग भरला, तिथून हा प्रकार सुरू झाला. आपल्याकडे मिळणारा नेहमीचा डबा साधारण ४०० मिलिलिटरचा. पण त्यात बराचसा भाग गॅसचा आणि थिनरसारख्या द्रवाचा असतो. फवारल्यावर तो उडून जातो आणि पत्र्यावर राहतो तो थोडासा घन भाग. म्हणूनच एक हात मारला की सुकल्यावर जेमतेम दहा-पंधरा मायक्रॉनचा पापुद्रा उरतो. कारखान्यातून आलेल्या गाडीच्या अंगावर सगळे थर मिळून साधारण १०० ते १२० मायक्रॉन असतात, म्हणजे वहीच्या पानाएवढी जाडी.

जाडीपेक्षाही मोठा फरक भाजण्याचा आहे, आणि तो आपल्या भागात समजावायला सोपा आहे, कारण वीटभट्ट्या आपण रोज बघतो. थापलेली कच्ची वीट उन्हात वाळली की टणक होते, हातात घेतली तर पक्क्या विटेसारखीच वाटते. पण अवकाळीची एक सर आली की तिचा चिखल होतो. भट्टीतून निघालेली वीट मात्र शंभर वर्षं पाण्यात ठेवा, ती परत माती होत नाही. कारखान्यात गाडीच्या सांगाड्याला आधी फॉस्फेटची आंघोळ घालतात, मग प्रायमरच्या हौदात बुडवून विजेच्या प्रवाहाने तो प्रायमर कानाकोपऱ्यात बसवतात आणि १६०-१८० अंश सेल्सिअसच्या भट्टीत भाजतात. वरचे थरही भाजले जातात. भाजताना रंगाचे रेणू एकमेकांत कायमचे गुंफले जातात. साध्या डब्यातला रंग नुसता वाळतो. त्यातला द्रव उडून गेला, बाकी काही घडलं नाही. ही कच्ची वीट. मातीच्या विटेसारखं तिला पाण्याचं फारसं भय नाही, पण थिनरचं आणि पेट्रोलचं आहे. खात्री करायची असेल तर सीटखाली, कोणाला दिसणार नाही अशा जागी थिनरचा बोळा दहा सेकंद फिरवा. कंपनीचा रंग बहुधा जागचा हलत नाही, डब्याचा रंग बोळ्यावर उतरतो.

त्यामुळे पेट्रोलच्या टाकीवर साधा डबा मारू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पंपावर झाकणाशी चार थेंब सांडणारच. प्रत्येक थेंब रंग मऊ करतो, पुसताना तो फडक्यावर येतो आणि दोन महिन्यांत झाकणाभोवती फिकट कडं पडतं. टाकीच रंगवायची असेल तर वरून हार्डनरचं लेकर, म्हणजे पारदर्शक थर, हवं. गॅरेजमध्ये ज्याला पीयू म्हणतात ते हेच. त्यात रंग आणि हार्डनर एकत्र आले की भट्टीशिवायही ती गुंफण घडते. हल्ली असं लेकर डब्यातही मिळतं. बुडाशी असलेली कळ दाबली की आतला हार्डनर मोकळा होतो आणि मग तो डबा ठरावीक तासांत संपवावा लागतो. पण हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. ते फुप्फुसाला फार वाईट, एकदा त्याने दम्यासारखा त्रास सुरू झाला तर पुढे थोड्याशा वासानेही होतो. तोंडाला बांधलेला रुमाल यात काहीही थांबवत नाही. कोळशाच्या काडतुसाचा मास्क आणि मोकळी हवा नसेल, तर हे काम सरळ पेंटरकडे द्यावं.

आता गंजाकडे येतो, कारण आपल्याकडे रंगाचा शेवट बहुतेक वेळा तोच करतो. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडापेक्षा दुप्पट-तिप्पट, कधी त्याहूनही जास्त जागा मागतो. रंगाखाली टाचणीच्या टोकाएवढा गंज राहिला तर तो फुगून वरच्या पापुद्र्याला वर ढकलतो. तेच ते फोड. रंग म्हणजे काच नव्हे, त्यातून थोडी वाफ आणि थोडा ऑक्सिजन आत झिरपतच असतो. गव्हावर तांबेरा एकदा दिसला की तो पुढे किती पसरतो हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. रंगाखालचा गंजही तसाच पसरतो, फक्त दिसत नाही.

दूधवाल्याला मी विचारलं, "घासलं होतंस का?" म्हणाला, "घासलं ना काका, पॉलिशपेपर मारला अर्धा तास." मडगार्ड उलटं करून पाहिलं. वरून खरंच घासलं होतं. पण खालची दुमडलेली कड, जिथे चिखल साचतो, तिथे पॉलिशपेपर पोचलाच नव्हता. गंज त्या कडेतून सुरू होऊन वर चढला होता. मी तारेचा ब्रश आणला आणि आम्ही दोघांनी ती कड उघडली. आधी काळपट पापुद्रे पडले, मग तांबडी पूड, आणि तासाभराने पांढरा पत्रा दिसायला लागला. पत्र्यावर बारीक खड्डे पडले होते. त्या खड्ड्यांच्या तळाशी अजून काळे ठिपके होते. हे ठिपके तसेच ठेवले तर पुढच्या श्रावणात पुन्हा हेच.

अशा खड्ड्यांसाठी रस्ट कन्व्हर्टर मिळतो. त्यात फॉस्फोरिक आम्ल किंवा टॅनिक आम्ल असतं, ते उरलेल्या गंजाशी मिळून काळा, स्थिर थर बनवतं. टॅनिन म्हणजे आपल्या हिरड्यातला तुरटपणा. जुन्नर-अकोल्याकडे सह्याद्रीच्या माथ्यावर गोळा होणारा हिरडा कातडी कमवायला आणि काळी शाई करायला जातो, तोही याच गुणाने. लोखंड आणि टॅनिन भेटले की काळं होतं. मात्र भुगा झालेल्या जाड गंजावर कन्व्हर्टर ओतून काही होत नाही. आधी ब्रश, मग कन्व्हर्टर.

पुढची पायरी प्रायमर, आणि इथेच गावोगाव एक चूक होते. खिडकीच्या गजांना लावून उरलेला रेड ऑक्साइड किंवा ऑइल पेंट घरात असतो. तो मडगार्डला लावतात आणि दुसऱ्या दिवशी वर स्प्रेचा डबा मारतात. ऑइल पेंट आतून सुकायला बरेच दिवस घेतो. स्प्रेतला कडक थिनर त्याला खालून फुगवतो आणि क्षणात म्हाताऱ्याच्या हातासारख्या सुरकुत्या उठतात. सगळं खरवडून पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. डब्याच्या रंगाखाली डब्याचाच, त्याच जातीचा प्रायमर असावा. उघड्या पत्र्यावर तो घासल्या दिवशीच मारावा, रात्र जाऊ देऊ नये. आपल्या हवेत एका रात्रीत पत्र्यावर पुन्हा तांबूस छटा येते. पुट्टी वापरली असेल तर ती पाणी पिते हे लक्षात ठेवावं. ती कोरडीच घासावी आणि लगेच प्रायमरखाली झाकावी. वॉटर पेपर आणि पाणी प्रायमर सुकल्यानंतर.

काळ्या प्लास्टिकच्या मडगार्डची गोष्ट निराळी. ते बहुधा पॉलिप्रॉपिलीनचं असतं आणि त्याला कुठलाच रंग धरत नाही. प्लास्टिकसाठीचं खास अस्तर आधी मारलं नाही, तर पोपडे निघायला पावसाचीही वाट पाहावी लागत नाही.

रंग मारण्याचं कसब मी थोडक्यात सांगतो, ते हाताला लवकर येतं. आतली गोळी खुळखुळायला लागल्यावरही दोन मिनिटं डबा हलवा. वीतभर अंतर ठेवा, हात सरळ रेषेत चालवा, एक जाड हात मारण्यापेक्षा चार पातळ मारा, दोन हातांमध्ये दहा मिनिटं जाऊ द्या. ओघळ घाईमुळे येतात. टायरला चमक आणणारं सिलिकॉनचं पॉलिश त्याच अंगणात मारू नका. त्याचा कण पत्र्यावर असला की रंग तिथून मागे सरतो आणि माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. वरून लेकर मारणं टाळू नका, ऊन अडवण्याचं काम तेच करतं.

आता मुहूर्त. मी स्वतः पहिल्यांदा रंग मारला तो श्रावणात, उघडीप मिळाली म्हणून पडवीत. काळा रंग डोळ्यादेखत दुधट झाला. तेव्हा कारण कळलं नव्हतं. थिनर उडताना पत्र्याची उष्णता घेऊन जातो, माठ गार होतो तसा पत्रा गार होतो, आणि दमट हवेतलं पाणी ओल्या रंगातच उतरतं. हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांवर असेल तर रंगाला हात लावू नये, आणि जिथे दव धरतं त्या तापमानापेक्षा पत्रा निदान तीन अंश गरम असावा, हा रंगकामाचा जगभरचा नियम आहे. आपल्याकडे आर्द्रतामापक कोणाकडे नसतो, पण मार्गशीर्षात सकाळी टाकीवर बोट फिरवलं की दव हाताला लागतं. ते उडून पत्रा कोमट व्हायला अकरा वाजतात. अकरा ते चार ही वेळ चांगली, तीही सावलीत. चैत्र-वैशाखाच्या भर उन्हात पत्रा इतका तापतो की थेंब पसरण्याआधीच सुकतात आणि रंग खरखरीत बसतो. शिवाय तेव्हा भाताच्या रोपांसाठी राब भाजण्याची राख उडत असते. भातझोडणीच्या दिवसांत खळ्यावरचं तूस उडतं. तेव्हा झोडणी आटोपल्यापासून होळीपर्यंतचे दिवस आपले. रंग मारल्यावर पुरता आठवडा त्याला घट्ट होऊ द्यावा, आणि महिनाभर सर्व्हिसिंगवाल्याला प्रेशरचं पाणी मारू देऊ नये.

राबावरून आठवलं म्हणून इथेच सांगतो. डब्यातला गॅस बहुतेक स्वयंपाकाच्या गॅसच्याच कुळातला असतो. ज्या पडवीत चूल पेटलेली आहे तिथे फवारा मारू नका. आणि रिकामा वाटणारा डबा पालापाचोळ्याबरोबर राबात टाकू नका. त्यात दाब उरलेला असतो, तो बंदुकीच्या आवाजाने फुटतो आणि शेजारी लेकरं उभी असतात.

किती टिकतो, याचं माझं उत्तर आसपासच्या गाड्या पाहून दिलेलं आहे. गंजावर थेट मारलेला रंग पहिला पावसाळाही काढत नाही. पत्रा नीट उघडून, प्रायमर देऊन, साधं लेकर मारलेला रंग दोन, फार तर तीन पावसाळे. हार्डनरचं लेकर आणि कडांची नीट निगा असेल तर चार-पाच. डाग झाकायला, लेग गार्डला, कॅरियरला, छोट्या पत्र्याला मी हे काम घरीच करा म्हणेन. अख्खी गाडी डब्यांनी रंगवणं मला पटत नाही, डब्यांचा खर्च मोजला तर तो पेंटरच्या मजुरीजवळ जातो. सायलेन्सरला उष्णता सोसणारा वेगळा रंग लागतो. गाडीचा रंगच बदलायचा असेल तर आरसीवरची नोंदही बदलून घ्यावी लागते. आणि रंगवताना चेसिस नंबरवर चिकटपट्टी लावायला विसरू नका.

दूधवाल्याच्या मडगार्डला आम्ही कन्व्हर्टर लावून ठेवला आणि वर प्रायमरचे दोन हात दिले. दुपारचं कडक ऊन होतं, त्यात तेवढं साधलं. काळा रंग मात्र त्याला त्याच दिवशी मारून हवा होता.

"आता आभाळ दाटतंय रोज संध्याकाळी," मी म्हणालो. "हळवं भात कापणीला आलंय तुझं?"

"आलंय. गरवं अजून हिरवं आहे."

"मग गरवं घरात येऊ दे, खळं झाडून होऊ दे. त्यानंतरच्या रविवारी अकरा वाजता गाडी घेऊन ये. आणि येताना मडगार्डची खालची कड आतून धुऊन आण."

त्याने मान हलवली, किटल्या अडकवल्या आणि करड्या मडगार्डची गाडी घेऊन तो किन्हवलीच्या रस्त्याला लागला.

पुढील लेखांक : पेट्रोलच्या टाकीच्या आतला गंज