खाडा पडला म्हणून व्यायाम सुटत नाही

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात जिममध्ये ट्रेडमिल मोकळी मिळेपर्यंत ताटकळावं लागतं. होळीच्या सुमारास त्याच जिममध्ये हवी ती ट्रेडमिल घ्या. मधल्या काळात जे गळाले त्यांच्याबद्दल घरीदारी एकच निकाल दिला जातो: आरंभशूर, जिद्द नाही, चार दिवसांचं खूळ. हा निकाल अन्यायाचा आहे आणि चुकीचाही. वर्षानुवर्षं व्यायाम करणाऱ्यांचेही खाडे पडतातच. ते टिकतात, कारण खाड्यानंतर ते लवकर परत येतात. बाकीच्यांना परत येऊ देत नाहीत त्या काही पक्क्या बसलेल्या समजुती. गेल्या वीसेक वर्षांत जिमच्या हजेरीच्या नोंदींवर मोठे अभ्यास झाले आहेत आणि त्यांच्यापुढे यातल्या बऱ्याच समजुती टिकत नाहीत.

‘एकवीस दिवस नेटाने केलं की सवय लागते’

हा आकडा आला प्लॅस्टिक सर्जरीतून. अमेरिकेतले सर्जन मॅक्सवेल मॉल्ट्झ यांनी १९६०च्या आपल्या पुस्तकात एक निरीक्षण नोंदवलं होतं: शस्त्रक्रियेनंतर बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णाला किमान एकवीस दिवस लागतात. पुढे त्यातलं ‘किमान’ गळालं, चेहराही गळाला आणि आकडा तेवढा उरला.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना एकेक नवी सवय निवडायला सांगितली. कुणी जेवणाबरोबर फळ खायचं ठरवलं, कुणी रात्रीच्या जेवणाआधी पंधरा मिनिटं धावायचं. सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागतात असं दिसलं, पण माणसामाणसांतला फरक १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत होता. व्यायामाची सवय खाण्यापिण्याच्या सवयींपेक्षा उशिरा लागत होती. अमेरिकेत तीस हजारांहून अधिक जिम सभासदांच्या हजेरीचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातही कुठला जादूचा आकडा सापडला नाही. जिमला जाणं अंगवळणी पडायला बहुतेकांना काही महिने, साधारण अर्धं वर्ष लागलं.

म्हणजे बाविसाव्या दिवशी सकाळी गजर बंद करून परत झोपावंसं वाटलं, तर तुमच्यात काही खोट नाही. सवय अजून लागायची आहे, इतकंच. हे आधी माहीत नसलेला माणूस त्या सकाळी स्वतःला नालायक ठरवतो आणि तिथेच थांबतो.

‘वर्षाची फी भरली की पैसे वसूल करायला तरी जाऊ’

दिवाळीच्या, नववर्षाच्या ऑफर याच भरवशावर खपतात. अर्थशास्त्रज्ञ स्टेफानो डेला विन्या आणि उलरिके माल्मेंडियर यांनी अमेरिकेतल्या तीन हेल्थ क्लबच्या साडेसात हजारांवर सभासदांच्या नोंदी तपासल्या. महिन्याला सत्तर डॉलरपेक्षा जास्त भरणारे सभासद महिन्यातून सरासरी चारपेक्षा थोड्या जास्त वेळा येत होते. एका खेपेला त्यांना सतरा डॉलर पडत होते. दहा खेपांचा पास घेतला असता तर खेपेला दहा डॉलरांत काम झालं असतं. फी भरताना प्रत्येकाला आपण खूप जाऊ असंच वाटलेलं होतं.

एका हेल्थ क्लबच्या नोंदींत आणखी एक गोष्ट आढळली. सहा महिन्यांची फी एकदम भरणारे हप्ता भरल्यावर जोरात येत आणि मग त्यांची हजेरी उतरत जाई. दर महिन्याला भरणारे त्या मानाने सारखे येत राहत. भरलेल्या पैशांची बोच महिन्या-दोन महिन्यांत बोथट होते. वार्षिक फी स्वस्त पडते हे खरं, पण नव्या माणसाने पहिले सहा महिने महिन्याचीच भरावी, असं मी आग्रहाने सांगेन.

‘रोज त्याच वेळी, एकही खाडा नाही, तरच खरं’

सगळ्यात जास्त माणसं या समजुतीपायी गळतात.

ठरलेल्या वाराचा, ठरलेल्या वेळेचा फायदा होतो, यात शंका नाही. अडचण येते ती वेळ हुकल्यावर. गूगलच्या अडीच हजार कर्मचाऱ्यांना जिमला जाण्याबद्दल बक्षीस देण्याचा एक प्रयोग झाला. काहींना ते फक्त स्वतः ठरवलेल्या वेळी गेलं तरच मिळणार होतं, तर काहींना कधीही गेलं तरी. वेळेला बांधलेली मंडळी ती वेळ चुकली की त्या दिवशी जातच नसत. मोकळीक मिळालेले सकाळ हुकली तर संध्याकाळी जात. बक्षीस थांबल्यावरही तेच जास्त जात राहिले.

लॅली यांच्या अभ्यासात एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात म्हणण्यासारखा फरक पडला नव्हता. मात्र तीस हजार सभासदांच्या अभ्यासात ७६ टक्के लोकांबाबत एक गोष्ट दिसली: मागच्या खेपेला जितके जास्त दिवस उलटले, तितकी पुन्हा येण्याची शक्यता कमी. एका खाड्याने फारसं बिघडत नाही, लागोपाठच्या खाड्यांनी बिघडतं.

याला दुजोरा देणारा प्रयोग २०२१ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. कॅथरीन मिल्कमन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या ‘२४ अवर फिटनेस’ या जिमसाखळीच्या ६१,२९३ सभासदांवर ५४ वेगवेगळे उपाय चार आठवडे करून पाहिले. सगळ्यांत सरस ठरला तो उपाय असा: व्यायाम चुकल्यावर जो परत येईल, त्याला थोडे जादा गुण. त्या गुणांची किंमत होती जेमतेम नऊ सेंट. तेवढ्यावर आठवड्याची हजेरी २७ टक्क्यांनी वाढली. नऊ सेंटांसाठी कुणी घाम गाळत नाही. माझ्या मते त्यातून माणसाला एक निरोप पोचत होता: चुकलं तरी चालेल, ये. याच अभ्यासातली दुसरी बाजूही सांगायला हवी. चार आठवडे संपल्यावर ५४ पैकी फक्त ८ टक्के उपायांचा परिणाम मोजता येण्याइतका उरला. त्यामुळे एखादं ॲप किंवा चॅलेंज आयुष्यभराची सवय लावेल, अशी आशा धरू नये.

खाड्यानंतर परत येण्याची ही गोष्ट आपल्याकडे बायकांना फार लागू पडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ मधल्या अहवालानुसार भारतात सुमारे ५७ टक्के स्त्रियांची आणि ४२ टक्के पुरुषांची शारीरिक हालचाल पुरेशी नाही. मुलाची दहावी, सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, गौरी-गणपतीचे पाहुणे. तिच्या वेळेवर पहिला हक्क घराचा असतो, मग तिचे खाडे आळसात कसे मोजायचे? तिच्या वेळापत्रकात पहिल्या दिवसापासून दुसरी वेळ राखून ठेवलेली हवी. सकाळी सात हुकले तर दुपारी चार, आणि तेही हुकले तर घरीच वीस मिनिटं. संघटनेची शिफारस आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम अशी आहे. सलग दहा मिनिटं झाली तरच धरायचं, ही जुनी अट २०२०च्या शिफारशींतून निघाली आहे. ती वीस मिनिटं तुकड्यातुकड्यांत झाली तरी पूर्ण हिशेबात धरायची.

‘अंग दुखलं नाही म्हणजे व्यायाम झालाच नाही’

पहिल्याच दिवशी नव्या मुलाकडून शंभर बैठका काढून घेणारे ट्रेनर अजून आहेत. दुसऱ्या दिवशी तो मुलगा कठड्याला धरून एकेक पायरी आडव्या पावलांनी उतरतो, संडासात खाली बसताना नळाचा आधार घेतो. हे दुखणं लॅक्टिक ॲसिडचं नव्हे. ते ॲसिड रक्तातून तासाभरात निवळतं. न झेपणाऱ्या कामाने स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते, तिचं हे दुखणं. ते एक ते तीन दिवसांत सर्वांत जास्त असतं आणि त्यावरून प्रगती मोजता येत नाही. फार दुखून लघवी गडद तपकिरी झाली, तर मात्र तडक डॉक्टरकडे जावं. व्यायाम करताना जीव फार घाबरा झाला, तर पुढच्या वेळी तिकडे पाय वळत नाही, हे अनुभवाने आणि अभ्यासाने दोन्हीकडून दिसलेलं आहे. पहिले दोन महिने ‘अजून थोडं जमलं असतं’ असं वाटत असतानाच बाहेर पडावं.

वजनकाट्याचंही तसंच. नुसत्या व्यायामाने वजन फारसं उतरत नाही, त्यात आहाराचा वाटा मोठा. रक्तदाब, साखर, झोप आणि ताकद यांत काट्याला न दिसणारी सुधारणा होत असते.

‘ज्याचा त्याने करावा, त्यात दुसऱ्याचं काय काम’

कोल्हापूरच्या गंगावेस, मोतीबाग तालमींत मल्ल एकत्र राहतात, एकत्र मेहनत करतात. कोण आला नाही, हे वस्तादाला नजर फिरवताच कळतं. एकमेकांशी जोडल्या गेलेल्या गटात व्यायाम करणारे घरी एकट्याने करणाऱ्यांपेक्षा जास्त टिकतात, हे अनेक अभ्यास एकत्र तपासूनही दिसलं आहे. जिममध्ये तीनशे माणसं असली आणि कुणाला कुणाचं नाव माहीत नसलं, तर त्याला गट म्हणत नाहीत.

म्हणून जिम निवडताना मशिनं किती आणि एसी आहे का, यांच्या आधी ट्रेनरला एक प्रश्न विचारा: मी आठवडाभर आलो नाही, तर तुम्ही काय करता? बोटाचा ठसा घेणारं यंत्र आता बऱ्याच ठिकाणी दारातच असतं. चार दिवस न आलेल्यांची यादी काढून फोन करणं काही मिनिटांचं काम आहे. तो फोन ‘कुठे गायब?’ असा जाब विचारणारा नसावा. ‘उद्या या, निम्म्या वजनावर अर्धा तास करू’ एवढं बोलणं पुरे. दोन-तीन आठवड्यांच्या खंडाने दम आधी कमी होतो, ताकद फारशी उतरत नाही. ट्रेनरने हे परत येणाऱ्याला त्याच फोनवर सांगून टाकावं.