कन्सोलचे हरवलेले उतारवय

सोनीचा ‘प्लेस्टेशन ५ प्रो’ ७ नोव्हेंबर २०२४ रोजी अनेक देशांत विक्रीला आला, भारतात मात्र आला नाही. त्यातले वाय-फाय ७ ज्या ६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याचाही वापर करते, तो पट्टा आपल्याकडे तेव्हा या कामासाठी खुला नव्हता. चर्चा झाली ती या अडचणीची. हिंगोली जिल्ह्यातल्या पुसेगावातून पाहिले तर मोठी गोष्ट निराळीच दिसते. महागडे नवे यंत्र पहिल्याच वर्षी गावात येत नाही, हे जुनेच आहे. पण आधीचे यंत्र पाच-सहा वर्षांनी स्वस्त होऊन आवाक्यात यायचे, तेही आता येईनासे झाले आहे. कन्सोलचे आयुष्य घटले अशी तक्रार सगळीकडे ऐकू येते. माझ्या मते घटले आहे ते त्याचे उतारवय, आणि खेड्यांच्या वाट्याला येणारा काळ नेमका तोच होता.

‘प्लेस्टेशन २’ घ्या. २००० मध्ये अमेरिकेत २९९ डॉलरला आलेला हा कन्सोल २००९ मध्ये ९९ डॉलरला मिळू लागला होता. त्याचे उत्पादन २०१३ च्या सुरुवातीपर्यंत थांबले, तोवर विक्री १५ कोटींच्या पुढे गेली होती. या उतरत्या किमतीमागे चिप बनवण्याचे भौतिकशास्त्र होते. सुरुवातीला त्यात आकडेमोडीची एक आणि चित्र उभे करणारी एक, अशा दोन मोठ्या चिप होत्या. ट्रान्झिस्टर लहान होत गेले तशा त्या दोन्ही ९० नॅनोमीटर तंत्राच्या एकाच चिपमध्ये मावल्या. चिप लहान झाली की सिलिकॉनच्या एका चकतीतून जास्त नग निघतात. तिला वीज कमी लागते, ती तापते कमी. मग पंखा, पॉवर सप्लाय आणि बाहेरचे खोकेही लहान होते. प्रत्येक पायरीवर वाचलेल्या पैशांतला काही वाटा गिऱ्हाइकापर्यंत पोहोचत होता. भारतात त्याचे फळ यंत्राच्या नवव्या-दहाव्या वर्षी दिसले. हैदराबादेत तयार झालेला ‘हनुमान: बॉय वॉरियर’ २००९ मध्ये आला आणि त्यामागोमाग मुंबईच्या ट्राइन गेम्सचा ‘स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स’. नवा कन्सोल बाजारात असताना आपल्याकडचे खेळ जुन्यासाठी तयार झाले, ही बाब मला फार बोलकी वाटते.

ही उतरण आता बंद झाली आहे. ‘प्लेस्टेशन ५’ची चिपही ७ नॅनोमीटरवरून ६ वर आली, यंत्र हलके झाले, पण फेब्रुवारी २०२१ मध्ये भारतात ४९,९९० रुपयांना आलेला डिस्कवाला नमुना नोव्हेंबर २०२२ मध्ये ५४,९९० रुपयांवर गेला. अमेरिकेतही ४९९ डॉलरचे यंत्र ऑगस्ट २०२५ मध्ये ५४९ डॉलरचे झाले. महागाई, चलनाचे दर, आयात शुल्क यांचा हात त्यात आहेच. तरी मूळ कारण कारखान्यात आहे. ट्रान्झिस्टर अजून लहान होतात, पण ते कोरणारी यंत्रे इतकी महाग झाली आहेत की दर ट्रान्झिस्टरमागचा खर्च पूर्वीसारखा घसरत नाही. चिपच्या पोटातली स्मृती, म्हणजे एसरॅम, तर ५ वरून ३ नॅनोमीटरवर जाताना जवळपास लहान झालीच नाही. अशा वेळी तेच यंत्र स्वस्त करण्यापेक्षा जास्त ताकदीचे, जास्त किमतीचे यंत्र मधल्या काळात आणणे कंपनीला परवडते. २०१६ मध्ये निदान दोन्ही गोष्टी झाल्या होत्या: ३९९ डॉलरच्या ‘प्लेस्टेशन ४ प्रो’बरोबर मूळ यंत्राचा २९९ डॉलरचा लहान नमुनाही आला होता. २०२४ मध्ये ‘प्रो’ ६९९ डॉलरला आला आणि मूळ यंत्र होते तिथेच राहिले.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे: पिढ्यांमधले अंतर कमी झालेलेच नाही. २००६, २०१३, २०२० अशी सात-सात वर्षांची पावले पडली आहेत आणि ‘प्रो’साठीचे खेळ मूळ यंत्रावरही चालतात. मुख्य प्रोसेसर जवळपास तोच ठेवून फक्त चित्राची ताकद वाढवतात, ती त्यासाठीच. हे खरे आहे, पण चालणे आणि नीट चालणे यांत फरक असतो. डिसेंबर २०२० मध्ये ‘सायबरपंक २०७७’ साध्या ‘प्लेस्टेशन ४’वर इतका अडखळला की सोनीने तो आठवड्याभरात आपल्या दुकानातून काढला. जून २०२१ मध्ये तो परत आला, तेव्हा चांगल्या अनुभवासाठी ‘प्रो’ किंवा ‘प्लेस्टेशन ५’ वापरावा, अशी सूचना सोबत होती. साधे यंत्र घेणाऱ्याने किंमत पूर्ण मोजली होती.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. शहरातला माणूस ‘प्रो’ घेतो तेव्हा त्याचे जुने यंत्र विकायला निघते आणि ते फिरत फिरत गावाकडेच येते. हा मार्ग आहे, आणि तो मोलाचा आहे. पण ‘प्लेस्टेशन २’ नव्या डब्यात, वॉरंटीसह स्वस्त मिळत होता. जुन्या यंत्राबरोबर त्याची झीजही येते. ‘प्लेस्टेशन ५’ ५ ते ३५ अंश सेल्सिअसमध्ये वापरावा असे कंपनी सांगते. मराठवाड्यात मे महिन्याची दुपार चाळिशी ओलांडते. खेळताना २०० वॅटच्या आसपास वीज खाणाऱ्या यंत्राचा पंखा तिथे सतत जोरात फिरणार, आणि पाच वर्षांची धूळ त्यात आधीच बसलेली असणार. जुन्या यंत्राला जोड असते ती हातोहात फिरणाऱ्या जुन्या डिस्कची. ‘प्रो’मध्ये डिस्क ड्राइव्हच नाही. तो वेगळा विकत घेऊन बसवला, तरी सुरू करताना इंटरनेटवरून एकदा त्याची जोडणी नोंदवावी लागते. दहा वर्षांनी कुणी असा ‘प्रो’ आणि एक जुना ड्राइव्ह पुसेगावात आणला, तर डिस्क चालेल की नाही हे सोनीचा सर्व्हर त्या दिवशी उत्तर देतो का, यावर ठरेल.