लाखोळी, मीठ आणि आडवी बाटली

ग्राहकाने काय विकत घ्यावे आणि काय घेऊ नये हे ठरवण्याचा अधिकार शासनाला असावा का, हा प्रश्न वरकरणी तत्त्वचर्चेचा वाटतो. पण चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत तो गेल्या साठ वर्षांत डाळ, मीठ, खर्रा आणि दारू अशा अगदी रोजच्या वस्तूंच्या रूपाने घराघरांत येऊन गेला आहे, आणि प्रत्येक वेळी त्याचे उत्तर वेगळे आले आहे. ही उत्तरे एकमेकांशेजारी ठेवून पाहिली, तर ‘बंदी हवी की स्वातंत्र्य हवे’ ही नेहमीची मांडणी अपुरी का पडते, हे ध्यानात येते.

कायद्याच्या भाषेत ग्राहकाचे हक्क म्हणजे काय, याची पहिली ठळक मांडणी अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांनी १५ मार्च १९६२ रोजी तेथील संसदेला पाठवलेल्या संदेशात केली आणि त्यात सुरक्षितता, माहिती, निवड व म्हणणे ऐकले जाणे असे चार हक्क सांगितले. महाराष्ट्रात बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात सुरू केलेल्या ग्राहक पंचायतीमुळे १९७०च्या दशकात हा विचार मध्यमवर्गीय घरांत रुजला, १९८६ मध्ये देशाचा ग्राहक संरक्षण कायदा आला आणि त्याची जागा घेणारा २०१९चा कायदा जुलै २०२० पासून लागू झाला. गंमत अशी की या कायद्यात ग्राहकहक्कांची जी व्याख्या आहे, तिच्यातच भांडणाचे मूळ आहे. जीविताला धोकादायक असलेल्या मालापासून संरक्षण मिळण्याचा हक्क आणि विविध प्रकारचा माल स्पर्धेच्या दरात उपलब्ध असण्याचा हक्क हे दोन्ही तिथे शेजारी-शेजारी नांदतात, पण एकाची अंमलबजावणी करताना दुसऱ्याला कात्री लागू शकते, याचा निवाडा ती व्याख्या करत नाही.

आगरकरांच्या पिढीने आवडीने वाचलेल्या जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ मध्ये या पेचावर एक तोडगा सुचवला होता. ज्या कृतीची झळ फक्त करणाऱ्यालाच लागते, तिच्यात राज्यसंस्थेने पडू नये, असे त्याचे मत होते आणि म्हणून विषाच्या विक्रीवरसुद्धा सरसकट बंदी न घालता बाटलीवर तसा स्पष्ट शब्द लिहावा आणि विकत घेणाऱ्याची नोंद ठेवावी, एवढेच तो म्हणतो. दुचाकीचे हेल्मेट १ जून २०२१ पासून आयएसआय चिन्हाशिवाय विकता येत नाही, हा नियम या विचाराच्या थोडा पुढे जातो, तरी त्यावर फारसे कोणी भांडत नाही, कारण हेल्मेटच्या आतला थर आघात सोसेल की नाही हे दुकानात उभे राहून कोणालाच तपासता येत नाही. वस्तूचा दोष डोळ्यांना दिसत नाही तिथे नियम ग्राहकाची निवड कमी करत नाही, तर तिला काही अर्थ देतो. खरी अडचण पुढे सुरू होते, आणि तिचे सर्वांत बोलके उदाहरण लाखोळीचे आहे.

माजरी, भद्रावती, वरोरा हा चंद्रपूरचा पश्चिम भाग कोळसा, कापूस आणि सोयाबीनचा. पण पूर्वेकडे ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल, सावली आणि पुढे गडचिरोलीच्या बाजूला सरकले की धानाच्या बांध्या लागतात, आणि लाखोळी या बांध्यांचेच पीक आहे. धान कापणीला येण्याच्या थोडे आधी, जमिनीत ओल असतानाच, उभ्या पिकात लाखोळीचे बी फेकून देतात. या पद्धतीला उतेरा म्हणतात. नांगरट नाही, खत नाही, पाणी नाही, तरी पीक येते, जनावरांना चारा मिळतो, कोवळ्या पाल्याची भाजी होते आणि प्रथिनांनी समृद्ध अशी डाळ हाती लागते. ज्याच्याकडे कोरडवाहू दोन बांध्या आहेत, त्याच्यासाठी याहून स्वस्त डाळ दुसरी नाही.

या डाळीत बीटा-ओडॅप नावाचे एक घातक अमिनो आम्ल असते. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी १९६४ मध्ये ते वेगळे करून दाखवले, पण त्याचा परिणाम त्याच्या कितीतरी आधीपासून माहीत होता. आयुर्वेदात कलायखंज या नावाने त्याचा उल्लेख आहे आणि एकोणिसाव्या शतकात सागर भागात दुष्काळानंतर पांगळ्या झालेल्या माणसांचे वर्णन स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने करून ठेवले आहे. पायाच्या पोटऱ्या ताठरतात, चालताना गुडघे एकमेकांवर येतात, टाचा जमिनीला टेकेनाशा होतात. आधी एक काठी लागते, मग दोन लागतात आणि शेवटी माणूस हातांवर सरपटत चालतो. बुद्धी शाबूत राहते, पण गेलेले पाय परत येत नाहीत. मात्र हा विकार वरणाच्या एका वाटीने होत नाही. आहाराचा मोठा हिस्सा दोन-तीन महिने सलग हीच डाळ असली, म्हणजे घरात दुसरे धान्यच नसले, की तो होतो, आणि गरम पाण्यात भिजवून ते पाणी टाकून दिले तर विषाचा बराचसा अंश निघून जातो.

अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांत १९६१ मध्ये या डाळीच्या विक्रीवर बंदीची तरतूद आली आणि राज्यांनी अधिसूचना काढून ती आपापल्या हद्दीत लागू करायची, अशी व्यवस्था झाली. महाराष्ट्राने ती लागू केली, काही राज्यांनी केली नाही. या नियमाची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. त्याने विक्री रोखली, लागवड रोखली नाही. त्यामुळे बाजारातून पावशेर डाळ आणून तूर, हरभरा, भात, पोळी यांच्याबरोबर अधूनमधून ती खाणारा शहरी ग्राहक, ज्याला या डाळीपासून जवळजवळ धोका नव्हता, तो संरक्षित झाला. आणि जो शेतमजूर ती घरात पिकवून किंवा मजुरीच्या बदल्यात घेऊन दोन्ही वेळा खात होता, तो नियमाच्या कक्षेबाहेरच राहिला. मध्य प्रदेशातील रीवा भागात सालदारांना मजुरी म्हणून हीच डाळ मोजून दिली जात असे आणि पांगळेपणही त्यांच्यातच आढळे. त्या माणसाने लाखोळी ‘निवडली’ होती असे म्हणणे क्रूरपणाचे आहे, पण बाजारातील विक्री बंद करून त्याचे पाय वाचले असेही म्हणता येत नाही. त्याला हवी होती पैशांत मजुरी आणि रेशनचे धान्य.

दुसऱ्या बाजूला बंदीचे एक कारण मात्र पक्के होते. लाखोळीचा अख्खा दाणा चपटा, कोनदार आणि पाचरीसारखा असतो, त्यामुळे तो ओळखता येतो. भरडून डाळ केली की ती तुरीच्या किंवा हरभऱ्याच्या डाळीत खपते, आणि एकदा बेसनात दळली गेली की स्वयंपाक करणाऱ्या बाईला ती ओळखण्याचा काहीच मार्ग उरत नाही. इथे ग्राहकाची निवड डावलणारा नियम नव्हे, तर व्यापारी असतो. म्हणजे बेसनातील लाखोळीवर बंदी आणि ‘लाखोळी’ म्हणूनच उघडपणे विकल्या जाणाऱ्या डाळीवर बंदी या दोन सर्वस्वी वेगळ्या गोष्टी होत्या, आणि नियमाने त्या एका दावणीला बांधल्या. नागपूरच्या अकॅडमी ऑफ न्यूट्रिशन इम्प्रूव्हमेंट या संस्थेचे डॉ. शांतिलाल कोठारी यांनी ही बंदी उठावी म्हणून वर्षानुवर्षे लढा दिला आणि २००८ मध्ये महाराष्ट्र शासनाने ती उठवली.

याच संस्थेने मिठाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला. आयोडीन नसलेले मीठ माणसांच्या खाण्यासाठी विकायचे नाही, असा नियम केंद्राने १९९८ मध्ये केला, सक्ती नको या भूमिकेतून २००० मध्ये मागे घेतला आणि २००५च्या अधिसूचनेने पुन्हा आणला. ज्यांच्या आहारात आयोडीन पुरेसे आहे त्यांना साधे मीठ घेण्याची मुभा का नसावी, असा संस्थेचा सवाल होता. न्यायालयाने जुलै २०११ मध्ये दिलेला निकाल दोन्ही पक्षांना विचारात पाडणारा आहे: अन्नभेसळीचा कायदा अपायकारक आणि भेसळीचा माल रोखण्यासाठी आहे, साधे मीठ काही अपायकारक नाही, त्यामुळे त्या कायद्याखाली असा नियम करण्याचा अधिकार केंद्राला नव्हता, असे न्यायालयाने म्हटले, पण सार्वजनिक आरोग्याचा विचार करून बंदी सहा महिने चालू ठेवली आणि शासनाला फेरविचाराची संधी दिली. त्याच सुमारास अन्नसुरक्षा व मानके कायद्याखालील नव्या नियमांत ही तरतूद आली आणि कायम झाली.

तत्त्वाचा निकष लावला तर मिठाची सक्ती लाखोळीच्या बंदीपेक्षा अधिक जाचक ठरायला हवी, कारण इथे निरुपद्रवी वस्तू प्रत्येकासाठी बंद केली आहे. तरीही ती अधिक समर्थनीय वाटते, याची कारणे व्यवहारातली आहेत. आयोडीनच्या कमतरतेचा सर्वांत मोठा घाव गर्भातल्या मुलाच्या मेंदूवर पडतो आणि त्या मुलाने कोणतेही मीठ निवडलेले नसते. किरकोळ विक्रीच्या वेळी दहा लाख भागांत किमान १५ भाग आयोडीन असावे, ही अट पाळायला ग्राहकाला जवळजवळ काही सोडावे लागत नाही, कारण चव तीच राहते आणि दरात फारसा फरक पडत नाही. शिवाय देशातील बहुतेक मीठ मोजक्या किनारी भागांत तयार होते, त्यामुळे नियम कारखान्याच्या दारात उभा राहू शकतो. गावच्या किराणा दुकानात पोलीस पाठवावा लागत नाही.

खर्ऱ्याच्या बाबतीत हे दार सापडतच नाही. जुलै २०१२ मध्ये राज्यात गुटखा आणि पानमसाल्यावर बंदी आली, पण पूर्व विदर्भातील माणूस पुडीतला गुटखा नव्हे, तर टपरीवर कातरलेली सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या तुकड्यात घालून समोर घोटून दिलेला खर्रा खातो. त्याला ना वेष्टन, ना छापील इशारा, ना उत्पादक; ग्राहक संरक्षणाची सगळी हत्यारे जिथे पकड घेतात, ती मूठच या वस्तूला नाही.

दारूचा प्रश्न या सर्वांपेक्षा जुना आहे. घटनेचा ४७वा अनुच्छेद राज्याला मद्यबंदीसाठी प्रयत्न करायला सांगतो, आणि १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९५१च्या बलसारा खटल्यात बव्हंशी वैध ठरवला. मात्र औषधे आणि प्रसाधने यांतील मद्यार्कालाही त्यात ओढणे अवाजवी आहे, असे सांगून तेवढा भाग रद्द केला. वर्धा जिल्हा १९७४ पासून, गडचिरोली १९९३ पासून कोरडा आहे. गडचिरोलीतील बंदी डॉ. अभय व राणी बंग यांच्यासह अनेकांनी उभारलेल्या लोकचळवळीतून आली, चंद्रपुरात ॲड. पारोमिता गोस्वामी यांच्या श्रमिक एल्गारने गावोगावच्या स्त्रियांना घेऊन मोर्चे काढले आणि १ एप्रिल २०१५ पासून बंदी लागू झाली. २७ मे २०२१ रोजी राज्य मंत्रिमंडळाने ती उठवली. अवैध दारू आणि गुन्हे वाढल्याचे कारण त्या वेळी देण्यात आले.

त्या सहा वर्षांत माजरीसारख्या खाणवस्तीची परिस्थिती नकाशावरूनच कळते. माजरी जंक्शनवरून फुटणारा रेल्वेमार्ग वर्धा नदी ओलांडून वणीकडे जातो, आणि नदीपलीकडचा यवतमाळ जिल्हा त्या काळात ओला होता. ज्या कामगाराच्या खिशात पगार आहे, त्याच्यासाठी पलीकडचा काठ हाच पर्याय होता. ज्याच्याकडे भाड्याचेही पैसे नव्हते, त्याच्या वाट्याला दुप्पट दराची किंवा कशापासून गाळली याचा पत्ता नसलेली दारू आली. मालात काय आहे हे कळण्याचा हक्क इथे बंदीनेच नाहीसा केला, हे बंदीच्या समर्थकांनाही मान्य करावे लागेल. पण मिलचा निकष विरोधकांनाही सोडत नाही. पिणारा स्वतःच्या पैशांनी स्वतःचे यकृत बिघडवत असता तर गोष्ट वेगळी. तो पगाराच्या दिवशी घरातले धान्य आणि बायकोची पाठ या दोन्हींचा हिशेब चुकता करतो, आणि त्या खरेदीत बायकोची संमती कोणी विचारलेली नसते. विकत घेणारा एक आणि किंमत मोजणारी दुसरी, असे असताना ‘ग्राहकाचे स्वातंत्र्य’ हा शब्द नेमका कोणासाठी वापरायचा, हे आधी ठरवावे लागते.

महाराष्ट्राच्या नियमांत या अडचणीवर एक तोडगा आधीपासून आहे, आणि तो जिल्हाव्यापी बंदीपेक्षा सरस आहे. मार्च २००८च्या आदेशानुसार गावातील किंवा प्रभागातील एक चतुर्थांश स्त्री मतदारांनी मागणी केली की दुकानावर गुप्त मतदान घेतले जाते. मतपत्रिकेवर एक उभी आणि एक आडवी बाटली छापलेली असते, आणि आडव्या बाटलीला बहुमत मिळाले की दुकान बंद होते. मात्र हे बहुमत झालेल्या मतदानाचे नव्हे, तर यादीतील एकूण मतदारांचे लागते. रोवणीला किंवा तेंदूपत्ता तोडायला बाहेरगावी गेलेली, सासरी नांदायला गेली तरी नाव न वगळलेली, घरच्या दहशतीमुळे बाहेर न पडलेली प्रत्येक बाई या हिशेबात दुकानाच्या बाजूने मोजली जाते. आमदार-खासदार झालेल्या मतांवर निवडून येतात. देशी दारूच्या दुकानालाही तोच हिशेब लावायला हरकत नसावी, आणि त्यासाठी कोणता नवा कायदा करण्याचीही गरज नाही, जुन्या आदेशातील एक ओळ बदलली तरी पुरे.