काढून ठेवलेली प्रत

27 जून 2017 रोजी न्हावा-शेवा बंदरातल्या एका कंटेनर टर्मिनलचं कामकाज अडलं. संगणक यंत्रणाच बंद पडली होती. टर्मिनल चालवणारी कंपनी मर्स्क या डॅनिश जहाज उद्योगाच्या समूहातली. त्यांच्या संगणकांत शिरलेला नॉटपेट्या हा व्हायरस युक्रेनमधून आला होता. तिथले व्यापारी कर भरण्यासाठी जे हिशेबाचं सॉफ्टवेअर वापरतात, त्याच्या अपडेटमधून तो पसरला. मर्स्कला पुढच्या दहा दिवसांत सुमारे 4,000 सर्व्हर आणि 45,000 संगणकांवर सगळं नव्याने बसवावं लागलं. नेटवर्कमध्ये कोणाला काय परवानगी आहे याची नोंद ठेवणारे त्यांचे सर्व्हर जगभर होते, एकाची प्रत दुसऱ्याकडे अशी सोय होती, आणि सगळे एकमेकांना जोडलेले असल्यामुळे ते एकदमच गेले. वाचला तो घानातला एक. हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेलेली होती, म्हणून तो नेटवर्कपासून तुटला होता.

छोट्या व्यावसायिकाला संगणकाच्या सुरक्षेबद्दल एकच गोष्ट सांगायची झाली, तर मी घानातल्या त्या सर्व्हरची सांगेन. मर्स्कला गेलेल्या विजेने वाचवलं. प्रत नेटवर्कपासून तोडून ठेवण्याचं ते काम आपल्याला रोज हाताने करावं लागतं.

भोसरीतलं वर्कशॉप असो की मार्केट यार्डातला गाळा, ऑफिसातलं दृश्य बहुधा एकच असतं. एका संगणकावर टॅली, त्यात पाच-सात वर्षांचे हिशेब, पार्टीवार उधारी, स्टॉक. मागच्या बाजूला एक पेन ड्राइव्ह कायमचा खोचलेला, आणि संध्याकाळी घरी जाताना अकाउंटंट त्यावर इमानेइतबारे बॅकअप घेतो. शिवाय एक प्रत डी ड्राइव्हवर. मालकाची समजूत अशी की दोन बॅकअप आहेत. प्रत्यक्षात डी ड्राइव्ह बहुतेक वेळा त्याच हार्ड डिस्कचा दुसरा भाग असतो. डिस्क गेली की दोन्ही गेले. आणि रॅन्समवेअर, म्हणजे फाइल्स कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्रॅम, त्या संगणकाला जे जे दिसतं ते सगळं कुलूपबंद करतो. खोचलेला पेन ड्राइव्ह त्याला दिसतो, शेजारच्या टेबलावरच्या संगणकाचं शेअर केलेलं फोल्डरही दिसतं. गूगल ड्राइव्हशी आपोआप जुळणारं फोल्डर असेल तर बिघडलेल्या फाइल्सच वर चढतात. तिथे जुन्या आवृत्त्या काही दिवस मिळतात, पण सगळी भिस्त त्यावर ठेवू नये.

म्हणून दोन एक्स्टर्नल हार्ड डिस्क घ्या. एका आठवड्याला पहिली, पुढच्या आठवड्याला दुसरी. बॅकअप झाला की वायर काढायची आणि जी पाळीत नाही ती डिस्क घरी. आग, चोरी, पावसाचं पाणी यांतूनही तीच वाचवते. खर्च काही हजारांचा. त्यासमोर हे ठेवा, की जीएसटी कायद्यानुसार वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून 72 महिने हिशेबाची पुस्तकं जपणं बंधनकारक आहे.

खरी ग्यानबाची मेख मात्र पुढे आहे. बॅकअप घेणारे पुष्कळ भेटतात, तो उघडून पाहणारे फार थोडे. तिमाहीत एकदा दुसऱ्या संगणकावर, वेगळं रिकामं फोल्डर करून बॅकअप रिस्टोअर करा. चालू डेटाच्या फोल्डरवर करू नका, नाहीतर आजच्या नोंदींवर जुन्या नोंदी बसतील. मग एखाद्या मोठ्या पार्टीचं खातं उघडा आणि बॅकअपच्या दिवसापर्यंतची शिल्लक चालू टॅलीशी ताडून पाहा. शेवटच्या बिलाचा नंबर जुळला तर बॅकअप आहे. नाही जुळला तर महिनोन्‌महिने भलत्याच फोल्डरची प्रत निघत होती हे आजच कळेल. टॅलीव्हॉल्टचा पासवर्ड लावला असेल तर तो कागदावर लिहून बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा. तो विसरला तर डेटा उघडत नाही.

पण मुळात रॅन्समवेअर आत येतो कसा? एक वाट आपणच उघडून देतो. मालकाला घरून टॅली बघायची असते, म्हणून संगणक दुरुस्तीवाला राउटरमध्ये रिमोट डेस्कटॉपसाठी वाट मोकळी करतो आणि पासवर्ड ठेवतो दुकानाचं नाव, पुढे 123. अशी उघडी दारं शोधत इंटरनेटवर यंत्रं रात्रंदिवस फिरत असतात. ही सोय आजच बंद करायला सांगा. घरून बघायचंच असेल तर व्हीपीएनमधून, दुहेरी पडताळणीसह. दुसरी वाट जुन्या विंडोजची. मे 2017 मध्ये वॉनाक्राय या रॅन्समवेअरने जगभर धुमाकूळ घातला, तेव्हा ते भगदाड बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच दिलेलं होतं. विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला, हे हिशेबाचा संगणक जुना असलेल्या प्रत्येकाने मनावर घ्यावं. आणि क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर हिशेबाच्या संगणकावर नकोच.

पैशांच्या फसवणुकीला तर व्हायरसही लागत नाही. नेहमीच्या सप्लायरकडून मेल येतो: आमचं बँक खातं बदललं, पुढचं पेमेंट या खात्यावर करा. लेटरहेड तेच, जुन्या बिलाचा संदर्भ बरोबर, मेलच्या पत्त्यात एखादंच अक्षर इकडचं तिकडे. बऱ्याचदा पत्ताही खराच असतो, कारण मेलबॉक्सच चोराच्या हाती लागलेला असतो. नियम असा करा की खातं बदलायचं तर आपल्या डायरीतल्या जुन्या नंबरवर फोन करून विचारायचं, मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही. एनईएफटी-आरटीजीएस करताना खातेदाराचं नाव आधी दाखवण्याची सोय रिझर्व्ह बँकेच्या आदेशामुळे आता बँकांकडे आहे, ती वापरा. नेट बँकिंगचा पत्ता ‘डॉट बँक डॉट इन’ने संपतो का, तेही बघा. लग्नपत्रिका किंवा चलन म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एपीके फाइल उघडू नका, कारण तिच्यातून चोराचं अ‍ॅप फोनमध्ये बसतं आणि ओटीपी त्याच फोनवर येतात. डिजिटल सहीचं टोकन सीएंच्या ऑफिसात किंवा संगणकात खोचून सोडणं म्हणजे सही केलेलं कोरं चेकबुक टेबलावर ठेवणं.

टॅलीत प्रत्येकाचं लॉगिन वेगळं हवं. सगळे मालकाच्याच नावाने शिरत असतील, तर नोंद कोणी बदलली हे शोधणार कसं? यात नोकरावर अविश्वास नाही, उलट काही घडलं तर निर्दोष माणसाला तेच वाचवतं.

पैसे गेल्याचं लक्षात येताच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा आणि बँकेलाही कळवा. रक्कम पुढच्या खात्यांत वळण्याआधी गोठवता येते ती पहिल्या काही तासांतच. व्यवहाराचा क्रमांक हाताशी ठेवा. केंद्र सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर लेखी तक्रारही करा. स्क्रीनवर खंडणीचा मजकूर दिसला तर आधी नेटवर्कची वायर काढा, वायफाय बंद करा, मजकुराचा फोटो घ्या. बॅकअपची डिस्क त्या संगणकाला लावू नका, आणि घाईने संगणक फॉरमॅटही करून घेऊ नका. युरोपोल आणि डच पोलिसांनी सुरक्षा कंपन्यांसोबत 2016 मध्ये सुरू केलेल्या ‘नो मोअर रॅन्सम’ या संकेतस्थळावर काही रॅन्समवेअरच्या किल्ल्या फुकट मिळतात. आपल्याला हवी ती किल्ली आज नसली तरी पुढे निघू शकते, म्हणून कुलूपबंद फाइल्सची एक प्रत वेगळ्या डिस्कवर राखून ठेवा.